पाय घसरून पडली

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं पण ड्युटी, घर, लेकरांच्या परीक्षा यात राहूनच जात होतं. काल कोर्टाचं समन्स हातात पडलं आणि रात्रभर झोप लागली नाही म्हणून आज बसलेच लिहायला. मी स्टाफ नर्स आहे, लातूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, आणि गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात बायकांच्या केसेस बघायला, त्यांच्यासोबत बसायला जाते. वकील नाही मी. पण नवऱ्याने मारलेल्या बाईची केस कोर्टात कुठे तुटते ते मी जवळून बघितलंय, आणि एकदा तर ती माझ्याच हाताने तुटलीय.

२०१५ चा उन्हाळा. रात्री अकरा-साडेअकराला एक पोरगी आली, चोविसेक वर्षांची असेल, सोबत सासू आणि दीर. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत सूज, बाहेरच्या बाजूला जखम, रक्त पदराला पुसून पुसून पदर कडक झालेला. मी विचारलं काय झालं, तर ती तोंड उघडायच्या आत सासू म्हणाली, "न्हाणीत पाय घसरला की ओ शिस्टर, पडली म्हणून लिवा." मी पोरीकडे बघितलं, तिने मान हलवली, आणि मी केस पेपरवर लिहिलं, पाय घसरून पडली. तीन शब्द. रात्रीचे पेशंट बाहेर बसलेले, साप चावलेला एक आत होता, मला पुढचं विचारायला वेळ नव्हता असं मी नंतर स्वतःला खूप वेळा सांगितलं. डॉक्टरांनी जखमेतून हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा चिमट्याने काढला, बोटाच्या पेराएवढा, तो किडनी ट्रेमध्ये टणकन वाजला, चार टाके पडले, आणि ट्रेमधलं सगळं मी डब्यात टाकलं. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, झाली नाही कारण पडलेल्या माणसाची एमएलसी कोण करतं.

पुढे तिला अजून दोनदा मारलं, मग माहेरच्यांनी गुन्हा नोंदवला, तेव्हा ४९८अ होतं, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी छळ केल्याचं कलम. चार वर्षांनी साक्ष लागली, तोवर ते डॉक्टर बदली होऊन गेलेले, ते आले साक्षीला आणि जुना केस पेपर घेऊन मला पाठवलं होतं. समोरच्या वकिलांनी तो कागद हातात घेतला, मोठ्याने वाचला, आणि फक्त एवढंच विचारलं की डॉक्टर, पेशंटने स्वतः सांगितलेली हिस्टरी हीच ना. डॉक्टर हो म्हणाले, दुसरं काय म्हणणार. मग तिला विचारलं की तुम्ही म्हणता बांगडी फुटेपर्यंत मारलं, मग बांगडीचा तुकडा पोलिसांनी जप्त केलाय का. नाही. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि मला तो टणकन आवाज ऐकू येत होता. आरोपी निर्दोष सुटले. समोरच्या वकिलांवर माझा राग नाही, त्यांनी त्यांचं काम केलं, आमचं काम आम्ही केलं नव्हतं.

आता मला जे कळतं ते तेव्हा कळत असतं तर. माणूस घसरून पडतो तेव्हा तो हात टेकतो, म्हणून तळहात खरचटतात, गुडघे, कोपराचं टोक, नितंब, कपाळ, म्हणजे जिथे हाड वर आहे तिथे लागतं. आणि मार चुकवायला माणूस हात आडवा धरतो, तेव्हा मनगट ते कोपर हाताच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या बाजूला लागतं. त्या पोरीचे तळहात स्वच्छ होते. न्हाणीत पडली आणि तळहाताला ओरखडासुद्धा नाही, हे केस पेपरवर एका ओळीत लिहिलं असतं की सांगितलेली हकीकत आणि जखमा जुळत नाहीत, तर तिने मान हलवली होती तरी कागद बोलला असता. लोकांना वाटतं पुरावा म्हणजे पोलिसांचं काम, पण बायकोला मारल्याचा पहिला पुरावा बहुतेक वेळा आमच्या ड्रेसिंग रूममध्ये असतो आणि तो एक तर लिहिला जातो नाही तर डेटॉलने पुसला जातो.

आता मी काय करते ते सांगते. बाई आली आणि सोबत सासरचं कोणी असेल तर त्यांना केस पेपर काढायला पाठवते, केस पेपर झाला असेल तर औषध आणायला, काही नसेल तर सरळ सांगते की ड्रेसिंगला आत एकटा पेशंट लागतो. पडदा ओढते. मग "नवरा मारतो का" असं विचारत नाही, त्याला उत्तर "नाही" असंच येतं. विचारते, "हे कशानं लागलं? कोणाच्या हातात होतं?" आणि गप्प राहते. कधी कधी तीन-चार मिनिटं कोणीच बोलत नाही, आणि मग येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ च्या, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. म्हणजे उरलेल्यांपैकी बहुतेकींच्या बाबतीत जगात एकही माणूस नसेल जो कोर्टात येऊन म्हणेल की हो, त्याच रात्री तिने मला सांगितलं होतं. पडद्याआड मी एकटी ऐकलं आणि लिहिलं तरी तो माणूस तयार होतो.

आणि लिहायचं ते तिच्या शब्दात. "कौटुंबिक वादातून मारहाण" असं आपल्याकडे लिहायची पद्धत आहे, त्यातून काय कळतं? ती म्हणाली "नवऱ्यानं पाण्याच्या पाइपानं पाठीवर मारलं, सासूनं केस धरले" तर तसंच लिहायचं, कोणी, कशाने, कुठे, किती वाजता, आणि ती म्हणते असं. जखम सेंटीमीटरमध्ये मोजायची, शरीराच्या चित्रावर खूण करायची, तिची परवानगी घेऊन फोटो काढायचा तो आधी लांबून चेहऱ्यासकट आणि मग जवळून पट्टी ठेवून, नाहीतर पुढे म्हणतात ही पाठ कोणाची कशावरून. जुने वळ सोडायचे नाहीत. वळाच्या रंगावरून नेमका दिवस सांगता येत नाही हे खरंय, पण एकाच पाठीवर एक लाल, एक निळा, एक हिरवट-पिवळा असेल तर हे एका दिवसाचं नाही एवढं तर दिसतंच. रक्ताचे कपडे वाळवून कागदाच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये ओलं राहून कुजतं. आणि जखमेतून काही निघालं, काच असो लाकडाची कुसळ असो, ती बाटलीत ठेवून वर नाव, तारीख, वेळ, सही, आणि पोलिसांकडे देताना पोच घ्यायची.

गळा दाबल्याचं मात्र वेगळं सांगायला पाहिजे कारण त्यात आपण सगळ्यात जास्त चुकतो. बाई म्हणते गळा दाबला, आपण मान बघतो, काहीच दिसत नाही, आपण लिहितो बाह्य जखम नाही, आणि कोर्टात त्याचा अर्थ होतो की बाई खोटं बोलते. अमेरिकेत सॅन डिएगो शहरात पोलिसांकडे आलेल्या गळा दाबल्याच्या ३०० केसेस तपासून २००१ मध्ये अभ्यास छापला होता, त्यात निम्म्या बायकांच्या मानेवर काहीच दिसत नव्हतं आणि अजून ३५ टक्क्यांत खूण इतकी पुसट की फोटोत येणार नाही. म्हणजे खूण नसणं हेच नेहमीचं. मग विचारायचं काय? आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यासमोर अंधारी आली का, शुद्ध गेली का, कपड्यात लघवी झाली का. शेवटचा प्रश्न बायका कधीच आपणहून सांगत नाहीत, लाजतात, पण तो लई महत्त्वाचा आहे, शुद्ध हरपल्याची ती खूण असू शकते. पापणी उलटून बारीक लाल ठिपके आहेत का बघायचं, कानामागे, टाळूला बघायचं. आणि अशा बाईला रात्रभर ठेवून घ्यायचं, कारण गळ्याची सूज नंतर वाढू शकते आणि मानेतल्या रक्तवाहिनीला इजा असेल तर काही दिवसांनीही जिवावर बेततं.

एक गोष्ट मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितली नव्हती, ती मला कोर्टाच्या बाकावर बसून कळली. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, त्याच्या नियमांमध्ये १७ वा नियम आमच्यासाठी आहे. दवाखान्याने बाईला कागद नाही म्हणून परत पाठवायचं नाही, आणि जर तिचा घटना अहवाल आधी कुठेच भरलेला नसेल तर तो फॉर्म दवाखान्याच्या प्रमुखाने भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा, शिवाय तपासणीच्या रिपोर्टची कॉपी बाईला फुकट द्यायची. फुकट! आणि आमच्याकडे बायका एका झेरॉक्ससाठी चार चकरा मारताना मी बघितल्यात. तो फॉर्म मी पहिल्यांदा बघितला तेव्हा माझी बारा वर्षं नोकरी झाली होती. मुंबईत बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये महापालिका आणि सेहत संस्थेने मिळून दिलासा नावाचा विभाग चालू केला त्याला वीस वर्षं होऊन गेली, तिथे नर्सच पहिली ओळखते आणि समुपदेशकाकडे पाठवते. आपल्या तालुक्यांमध्ये काय अवघड आहे त्यात?

आता काल ज्या केसचं समन्स आलं ती. गाव-वय सांगत नाही. येळवस होती त्या दिवशी, म्हणजे वेळ अमावस्या, ३० डिसेंबर २०२४, आमच्याकडे तेव्हा गाव रिकामं असतं, सगळे शेतात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे, दवाखान्यात आम्ही तिघंच. दुपारी चारच्या सुमाराला ती स्वतः चालत आली, काखेत लेकरू. बोअर मारायला माहेरून दोन लाख आण म्हणून वर्षभर चाललं होतं आणि त्या दिवशी पाहुण्यांसमोर तिचा भाऊ मोकळ्या हाताने आला म्हणून भाऊ गेल्यावर नवऱ्याने पाइपाने पाठीवर मारलं. मी तिचं ऐकलं, लिहिलं, मोजलं, एमएलसी झाली, ठाण्याला कळवलं, फॉर्म भरला.

ठाण्यात मी तिच्यासोबत गेले ड्युटी संपल्यावर. तिथे जबाब घेताना अंमलदाराने विचारलं, आधी कधी कधी मारलं? ती म्हणाली, लई वेळा. त्यांनी लिहिलं, "लग्नानंतर वेळोवेळी शारीरिक व मानसिक त्रास दिला". हीच ती ओळ बघा, दहातल्या आठ फिर्यादींमध्ये हीच असते, सोबत सासू-सासरे-नणंद-दीर सगळ्यांची नावं एका ओळीत. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये कहकशां कौसरच्या केसमध्ये आणि परत १० डिसेंबर २०२४ ला दारा लक्ष्मी नारायणाच्या केसमध्ये सांगितलंय की असे सरसकट, मोघम आरोप चालणार नाहीत, कोणी काय केलं ते सांगा. कोर्टाचं बरोबर आहे माझ्या मते. पण बाईकडे तारखा नसतात असं जे म्हणतात ते बरोबर नाही. तिच्याकडे तारखा असतात, फक्त त्या आकड्यात नसतात. मी तिला म्हणलं, बाई, पहिल्यांदा कधी? ती म्हणाली महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. मग? पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलाचे खांदे मळताना. मग सोयाबीन मशीनमधून काढलं त्या रात्री, मशीनवाल्याचे पैसे द्यायचे होते. भिंतीवर कॅलेंडर होतं, मी खाली घेतलं, अंमलदार भला माणूस, तोही बसला, आणि अर्ध्या तासात पाच घटना तारखेसकट कागदावर आल्या, त्यातल्या मशीनच्या तारखेला तर मशीनवाल्याची पावतीपण होती. सासऱ्याचं नाव तिने स्वतःच काढायला सांगितलं, म्हणाली त्यांनी मला कधी बोट लावलं नाही, उलट पाणी दिलं. त्यामुळे फिर्याद कमजोर झाली का? मला वाटतं ती तिथेच खरी पक्की झाली.

मग फोन. नवऱ्याने वॉट्सअपवर व्हॉइस मेसेज टाकलेले, पैसे घेऊन ये नाहीतर माहेरीच मर, असे तीन. भाऊ म्हणाला मी स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, हा फोन खराब झालाय तर बदलून टाकू. मी ओरडलेच त्याच्यावर. मोबाईलचा पुरावा कसा द्यायचा याचा सगळ्या देशात वाचला जाणारा निकाल आपल्या मराठवाड्यातूनच गेलाय. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज वेळेत भरला की नाही यावर खोतकर विरुद्ध गोरंट्याल केस झाली, निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या व्हिडिओवर सगळं अडलं, औरंगाबाद खंडपीठातून ती सुप्रीम कोर्टात गेली आणि १४ जुलै २०२० ला निकाल आला की मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही आणि कॉपी दिली तर सोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र पाहिजेच. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, म्हणजे फाइलचा अंगठाच समजा, एक अक्षर बदललं तरी अंगठा बदलतो. म्हणून फोन विकायचा नाही, फॉरमॅट मारायचा नाही, मेसेज आपोआप उडायची सेटिंग बंद करायची, फोन पोलिसांकडे दिला तर पंचनाम्यात त्याची नोंद झाली का बघायचं. आणि हो, नवरा-बायकोचं बोलणं गुपित असतं म्हणून कोर्टात चालत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. नवऱ्याने बायकोवर केलेल्या गुन्ह्याच्या खटल्यात ते संरक्षण जुन्या कायद्यातही नव्हतं. पण रेकॉर्डिंग करायच्या नादात जीव धोक्यात घालू नका, फोन हातात दिसला म्हणून जास्त मार खाल्लेल्या बायका मी टाके घालताना बघितल्यात.

पंचनाम्याला पोलीस दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, शेतात. आता झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग कायद्यानेच करावं लागतं, त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आहे त्यांच्याकडे. कोपीत पाइप मिळाला. दुसऱ्या दिवशी गेले म्हणून मिळाला, आठ दिवसांनी गेले असते तर कोपी मोडून कडबा गोठ्यात गेला असता.

उसतोडीच्या बायकांचं मात्र याहून अवघड आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, टोळी कोल्हापूर-सांगलीकडे, मार तिकडच्या फडात, औषध तिकडच्या एखाद्या खाजगी दवाखान्यात विनाकागद, साक्षीदार म्हणजे शेजारच्या कोपीतली बाई जी पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, तिच्या गावाला जाणार, आणि ही माहेरी येते एप्रिलमध्ये. माहेरच्या ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने ९ एप्रिल २०१९ ला रुपाली देवीच्या केसमध्ये सांगितलंय की सासर सोडून बाई जिथे आसऱ्याला आली तिथल्या कोर्टातही ४९८अ चालू शकतं. कागदोपत्री सगळं आहे. पण चार महिन्यांपूर्वीचे वळ कुठून आणायचे? म्हणून मी दसऱ्याच्या आधी लसीकरणाला येणाऱ्या बायकांना एवढंच सांगते, तिकडे काही झालं तर ११२ ला फोन कर, कोणी आलं नाही आलं तरी फोन केल्याची वेळ नोंद होते, आणि जमलं तर सरकारी दवाखान्यात जा, केस पेपर फाडू नको, ब्लाउजच्या कप्प्यात ठेव, मुकादमाकडे देऊ नको.

एवढं सगळं कशासाठी, तर तारीख लागेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात, मधल्या काळात बैठका होतात, मामा-काका येतात, लेकराच्या नावाने अर्धा एकर करून देतो म्हणतात, आणि बाई कोर्टात उभी राहून म्हणते मला काही आठवत नाही. लोक लगेच म्हणतात बघा, खोटी केस होती. मी त्या बायकांना घरी जाऊन भेटलेय. खोटं नव्हतं, दम संपला होता. सगळी केस तिच्या एकटीच्या तोंडावर उभी असेल तर सासरच्यांना फक्त एक तोंड बंद करायचं असतं. कागद, फोटो, काच, पावती, मेसेज, ११२ ची वेळ आणि मी, एवढे सगळे असले की तिला फितवून फारसा फायदा नाही हे समोरच्यांनाही कळतं, आणि दबाव थोडा तरी कमी होतो.

येळवसच्या त्या बाईलाही दोन बैठका झाल्या. काल रात्री समन्सचं सांगायला मी तिला फोन केला, तर ती म्हणाली, "शिस्टर, त्या दिवशी मी काय काय बोलले ते मला आता धड आठवत नाही, कोर्टात चुकले तर?" मी म्हणलं सगळं लिहिलेलं आहे, तुझ्याच शब्दात आहे. मग लेकरू रडायला लागलं म्हणून तिने फोन ठेवला. आज सकाळी सुट्टी असून दवाखान्यात जाऊन मी एमएलसी रजिस्टरचं ते पान बघून आले. शाई थोडी पुसट झालीय पण वाचता येतंय. पाठीवरच्या तिन्ही वळांची लांबी, पाइप, चारची वेळ, आणि खाली तिचा अंगठा नाही, सही आहे, वळणदार, सातवीपर्यंत शिकलेली आहे ती.